आजोबांचा डाव आणि स्पर्धेतला डाव

नागपूर,
१८ एप्रिल

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत नाव घातलंस हे बरं केलंस. आजोबा म्हणतात, "पोरीला सगळं येतं, आता काय शिकवायचं राहिलंय?" त्यांचं खरं आहे, पण अर्धंच. तुला येतो तो देशी पद्धतीचा डाव आणि स्पर्धेत खेळतात आंतरराष्ट्रीय पद्धतीचा. सोंगट्या त्याच, घरं तीच चौसष्ट. फरक मोजक्या ठिकाणीच आहेत, पण पंचांना बोलवायची वेळ येते ती नेमकी तिथेच. तुमच्याकडे फोनला रेंज अशी, की अर्ध्या वाक्यात आवाज जातो. म्हणून लिहून पाठवतेय. पट समोर मांडून वाच, नाहीतर सगळं डोक्यावरून जाईल.

आधी एक सांगते. आजोबांना "तुमचे नियम चुकीचे आहेत" असं म्हणायला जाऊ नकोस. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच खेळत आले. मीर सुलतान खान नावाचा पंजाबातला एक खेळाडू होता. तोही लहानपणी वडिलांकडून देशी डावच शिकला आणि युरोपातले नियम पार मोठा झाल्यावर त्याने समजून घेतले. १९२९ साली तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटनचा विजेता झाला. १९३२ आणि १९३३ सालीही त्यानेच ते अजिंक्यपद जिंकलं. मधल्या काळात, हेस्टिंग्जच्या स्पर्धेत, त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं. तेव्हा देशी डाव शिकलेल्याला कमी समजायचं काही कारण नाही. त्यालाही नियम मात्र नव्याने बसवून घ्यावे लागलेच.

आता पट. आजोबांचा कापडी पट एकरंगी आहे, त्यावर नुसत्या रेघा. स्पर्धेतल्या पटावर एकाआड एक पांढरी आणि काळी घरं असतात, आणि पट कसा ठेवायचा याचाही नियम आहे: तुझ्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं आलं पाहिजे. वजीर आपल्या रंगाच्या घरात, म्हणजे पांढरा वजीर पांढऱ्या घरात आणि काळा काळ्या. त्यामुळे राजासमोर राजा आणि वजिरासमोर वजीर येतो. बसल्या बसल्या हे तपासून घे. पट उलटा मांडून चार चाली झाल्या की मग कोणालाच काही सुचत नाही. रंगीत घरांचा आणखी एक फायदा आहे, तो तुला कापडी पटावर कधी दिसला नसेल. तुझा एक उंट जन्मभर पांढऱ्या घरांतून फिरतो आणि दुसरा काळ्या. पांढऱ्या घरांतला उंट मेला की ती घरं राखायला दुसरा उंट कधीच येऊ शकत नाही.

हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं, वजीर दोन्हीकडे, राजा एकच घर, हे तुला झोपेतही येतं. घोडा सोडून कोणी कोणाच्या डोक्यावरून उडी मारत नाही. यात काहीच बदल नाही, म्हणून पुढे जाते.

बदल आहे तो प्याद्यात. आजोबांकडे प्यादं नेहमी एकच घर चालतं. स्पर्धेत प्रत्येक प्याद्याला त्याच्या पहिल्या चालीला एक किंवा दोन घरं जाता येतं. दोन्ही घरं मोकळी हवीत, आणि एकदा हललेल्या प्याद्याला ही सवलत नाही. मारणं पूर्वीसारखंच, समोर तिरकं एक घर.

ही दोन घरांची चाल युरोपात मागाहून आली. डावाची सुरुवात फार रेंगाळायची, म्हणून प्याद्यांना एक ढांग मोठी दिली. पण त्यातून एक भानगड झाली. समज, तुझं पांढरं प्यादं ई५ या घरात आहे. (उभ्या ओळींना ए पासून एच पर्यंत नावं असतात आणि आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ मोजतात, म्हणून ई५.) शेजारच्या डी ओळीत काळ्याचं प्यादं डी७वर आहे. ते एक घर पुढे आलं असतं तर डी६वर तुझ्या तावडीत सापडलं असतं. पण ते एका चालीत थेट डी५वर, तुझ्या प्याद्याच्या शेजारी येऊन बसलं. म्हणजे नव्या सवलतीचा फायदा घेऊन चोरपावलांनी निसटलं. म्हणून नियम असा, की ते जणू एकच घर आलंय असं धरून तू ते मारू शकतेस. तुझं प्यादं तिरकं डी६वर जातं आणि डी५वरचं काळं प्यादं पटावरून उचललं जातं. अट एकच, हे लगेच पुढच्याच चालीला करायचं. एक चाल मध्ये गेली की हक्क संपला. याला एन पासाँ म्हणतात.

मला हा नियम फार आवडतो, कारण एक नियम बदलला की दुसरा का जन्माला येतो ते यात लख्ख दिसतं. आजोबांच्या डावात दोन घरांची चालच नाही, म्हणून तिथे एन पासाँची गरजही नाही. त्यांना हा पटावर मांडून दाखव. पाच मिनिटं भांडतील आणि मग स्वतःच वापरायला लागतील, बघ. स्पर्धेत मात्र समोरच्या मुलाने असं तुझं प्यादं उचललं तर "माझं प्यादं चोरलं" म्हणून ओरडू नकोस.

प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की आजोबा म्हणतात, घोड्याच्या ओळीत पोचलं तर घोडा, हत्तीच्या ओळीत हत्ती, तेही आपली ती सोंगटी आधी मेलेली असेल तरच. स्पर्धेत यातलं काही नाही. प्यादं कुठल्याही ओळीत पोचो, त्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा तू मागशील तो होतो. पहिला वजीर जिवंत असला तरी दुसरा घेता येतो, तिसराही. फक्त राजा करता येत नाही आणि प्यादं प्यादंच ठेवता येत नाही. दुसरा वजीर पेटीत नसेल तर पटाशेजारचं, दोघांचा वेळ मोजणारं घड्याळ थांबव आणि पंचांकडे माग. हत्ती उलटा ठेवून "हा वजीर" असं चालत नाही, पंच तो हत्तीच धरतात.

आता राजा. आजोबांचा राजा, त्याला एकदाही शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्यासारखी उडी मारतो. तुला ती उडी मारायची भारी हौस, म्हणूनच ठळक अक्षरात सांगते: स्पर्धेत ही उडी नाही. सवयीने मारलीस आणि घड्याळ दाबलंस, की ती बेकायदा चाल झाली. पहिल्या वेळी समोरच्याला जादा वेळ मिळतो. दुसऱ्यांदा अशी चूक झाली तर सहसा डावच जातो.

उडीऐवजी तिथे कॅसलिंग आहे. मराठी पुस्तकांत त्याला किल्लेकोट म्हणतात. राजा आपल्या जागेवरून हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकतो आणि तो हत्ती राजाला ओलांडून त्याच्या पलीकडच्या घरात येऊन बसतो. दोन सोंगट्या एका चालीत हलतात, असं सबंध डावात फक्त इथेच होतं. पण राजा आणि तो हत्ती, दोघेही त्या डावात आधी अजिबात हललेले नकोत. दोघांच्या मधली सगळी घरं रिकामी हवीत. राजाला त्या क्षणी शह असेल तर कॅसलिंग नाही, म्हणजे शह बसल्यावर पळवाट म्हणून ते वापरता येत नाही. राजा ज्या घरावरून जातो आणि ज्या घरात थांबतो, त्यांच्यावर शत्रूचा मारा नको. मुलं इथे गोंधळतात. हत्तीवर मारा असला तरी कॅसलिंग चालतं, बंधन राजाच्या वाटेला आहे. आणि सुरुवात राजाला हात लावून करायची, एकाच हाताने. आधी हत्ती उचललास तर पंच म्हणतील, "मग हत्तीच चालव."

हाच तो हात लावण्याचा नियम. ज्या सोंगटीला मुद्दाम हात लावलास ती चालवायची, समोरच्याच्या सोंगटीला लावलास तर ती मारायची, अर्थात नियमात बसत असेल तर. घरी तू घोडा उचलून हवेत धरून विचार करतेस ना, ते तिथे बंद. विचार आधी, हात मागून. हात मांडीखाली ठेवून बसलीस तरी चालेल. सोंगटी घरात नीट बसलेली नसेल आणि सरळ करायची असेल तर तुझ्या चालीच्या वेळी आधी "अ‍ॅडजस्ट" असं बोलून मग हात लाव.

शह बसला की वाटा तीनच: राजा हलव, मध्ये काहीतरी आड घाल, नाहीतर शह देणारी सोंगटी मार. घोड्याच्या शहाला आड घालता येत नाही. तिन्ही वाटा बंद म्हणजे मात. "शह!" असं मोठ्याने म्हणायची तिथे गरज नसते, आणि समोरचाही म्हणणार नाही. ही गोष्ट तुला जड जाईल, कारण आजोबा दर वेळी मिशीत हसून शह जाहीर करतात. तिथे प्रत्येक चालीनंतर तुझं तुलाच बघायचंय. समोरच्याचं लक्ष नसेल आणि त्याने राजा शहातच ठेवला, तर राजा मारून "जिंकले" म्हणायचं नाही. राजा कधीच मारला जात नाही. घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं.

आता या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे पट पुसून फक्त तीन सोंगट्या ठेव.

आजोबांच्या डावात समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी होते आणि डाव अर्ध्यावर मिटतो. पुरती जीत हवी तर त्याची एखादी सोंगटी जिवंत ठेवून मात करायची, आणि प्याद्याने केली तर काय विचारता! ही देशी डावाची खरी गंमत आहे. पण त्यामुळे झालंय असं, की एकट्या राजाला मात कशी करायची हे तू कधी शिकलीच नाहीस. तशी वेळ तुझ्या डावात येतच नाही. स्पर्धेत ती हमखास येते. तिथे बुर्जी नाही. समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या खुशाल मार, पण मात करेपर्यंत डाव तुझा नाही.

काळा राजा पटाच्या मध्यावर ठेव, तुझा राजा कुठेतरी कडेला आणि तुझ्याकडे एक वजीर. वजीर काळ्या राजापासून घोड्याच्या चालीच्या अंतरावर नेऊन ठेव. शह देऊ नकोस. नवशिकी मुलं शहावर शह देत सुटतात आणि राजा पटभर हुंदडत राहतो. आता काळा राजा जिकडे एक घर सरकेल, तिकडेच, त्याच दिशेने, वजीरही एक घर सरकव. अंतर तेच राहील. राजाची जागा कमी कमी होत जाईल आणि तो आपोआप कडेला लागेल. हे हाताने करून बघ, वाचून विश्वास बसणार नाही.

आणि आता सावध. राजा कोपऱ्यात, म्हणजे एच८वर शिरला आणि तू सवयीने वजीर जी६वर आणलास, तर काय झालं ते नीट बघ. काळ्या राजाला शह नाही. पण जी८, जी७ आणि एच७ या तिन्ही घरांवर तुझ्या वजिराचा मारा आहे. त्याला हलायला घर नाही आणि हलवायला दुसरी सोंगटी नाही. याला स्टेलमेट म्हणतात आणि डाव बरोबरीत सुटतो. एका वजिराने वरचढ असूनही अर्धाच गुण. आजोबा अशा वेळी "ही चाल चालत नाही, दुसरी कर" म्हणतात, कारण देशी पद्धतीत समोरच्याला असं कोंडायला मनाई आहे. पंच असं म्हणणार नाहीत. ते दोघांचाही अर्धा अर्धा गुण लिहून पुढच्या पटाकडे जातील.

म्हणून राजा कडेच्या ओळीला लागला की घोड्याचं अंतर विसर. वजीर त्याच्या अलीकडच्या ओळीत, जरा लांब, समज ई७वर नेऊन ठेव. आता काळा राजा जी८ आणि एच८ या दोन घरांत येरझाऱ्या घालत राहील, आणि ते आपल्याला हवंच आहे. वजिराला तिथेच सोड आणि आपला राजा एक एक घर चालवत एफ६ किंवा जी६पर्यंत आण. मग वजीर जी७वर, पाठीशी राजा, आणि मात. राजाच्या मदतीशिवाय एकटा वजीर मात करू शकत नाही, हे तुझ्या हाताला कळलं की झालं. आजोबांना काळा राजा घेऊन समोर बसव, ते मुद्दाम स्टेलमेटकडे पळतील. रोज जेवणाआधी हेच करा. नवीन काही नको.

बरोबरीच्या बाकीच्या वाटा पटकन सांगते. तीच स्थिती, तोच चालणारा, असं तीनदा आलं तर पंचांकडे बरोबरी मागता येते. दोघांच्या पन्नास पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काहीच मेलं नाही, तरीही. मात होणंच शक्य नाही इतकं कमी सैन्य उरलं, उदाहरणार्थ राजा आणि उंट विरुद्ध नुसता राजा, तर डाव तिथेच संपतो. दोघांनी मिळूनही बरोबरी ठरवता येते. पण तू वाईट स्थितीत असशील तरच समोरचा बरोबरी नाकारतो असं नाही, आणि तो देऊ करतोय म्हणजे तूच वाईट स्थितीत आहेस असंही नाही. पटाकडे बघून ठरव, त्याच्या चेहऱ्याकडे बघून नको.

प्यादी दोन घरं धावतात म्हणून तिथे लढाई लवकर पेटते. आजोबांबरोबर पहिल्या दहा चाली दोघं आपापलं घर लावता, तसं इथे चालणार नाही. एक फसवा डाव तर तुझ्यावर नक्की लावला जाईल. पांढऱ्याचं प्यादं ई४वर, तुझं ई५वर. त्याचा उंट सी४वर येतो, तू घोडा सी६वर काढतेस. मग त्याचा वजीर एच५वर. आता तो चौथ्या चालीला एफ७वरचं प्यादं मारून मात करणार आहे, कारण ते प्यादं राखायला तुझा राजा सोडून कोणी नाही. इथे दुसरा घोडा एफ६वर काढून वजिराला हुसकायचा मोह होतो आणि तिथेच डाव जातो. आधी जी६ला प्यादं चढव. वजीर एफ३वर येऊन पुन्हा तोच रोख धरेल, तेव्हा घोडा एफ६वर आण. धोका टळला, आणि त्याचा वजीर विनाकारण भटकत असताना तुझ्या सोंगट्या बाहेर आलेल्या असतील. तू स्वतः मात्र हा डाव लावू नकोस. बरोबर उत्तर माहीत असलेला भेटला की आपलाच वेळ फुकट जातो.

यापलीकडे कुठल्या पुस्तकातल्या सुरुवाती पाठ करू नकोस. प्यादी मध्यावर आण, घोडे आणि उंट बाहेर काढ, कॅसलिंग कर. मारामारी करताना हिशेब धर: प्यादं एक, घोडा तीन, उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. हत्ती देऊन घोडा घेतलास तर दोनचा घाटा.

अशा स्पर्धा बहुतेक स्विस लीग पद्धतीच्या असतात. म्हणजे पहिला डाव हरला तरी तू बाहेर पडत नाहीस. सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात आणि साधारण आपल्याइतकेच गुण असलेला समोर येतो. जिंकलीस तर एक, बरोबरी अर्धा. तेव्हा पहिली फेरी हरून आजोबांना "चला घरी" म्हणू नकोस. घड्याळ ज्या हाताने चाल केलीस त्याच हाताने दाबायचं, आणि चाल केल्यावर दाबायला विसरायचं नाही. तू विसरशील, मला माहीत आहे. रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची स्पर्धा असेल तर चाली लिहाव्या लागत नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी हात मिळवायचा, हरलीस तरी. मग निकाल पंचांना सांगून टेबल सोडायचं.

मुली किती असतील असं विचारत होतीस. कमी असतील. पण त्याने बिचकू नकोस, वेगळ्या गटात घाला असंही म्हणू नकोस. मुंबईची रोहिणी खाडिलकर १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. काही जणांनी हरकत घेतली, प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेलं, आणि बाईला अडवता येणार नाही असा निकाल आला. आणि मी सध्या राहते त्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून आली, अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा डावांत, हरवून. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बँकेत आमच्याकडे महिनाभर दुसरा विषय नव्हता, ज्यांना उंट तिरका जातो हेही माहीत नाही तेसुद्धा बोलत होते.

वजीर-राजाची मात बसली की मला कळव. मग पुढच्या पत्रात दोन हत्तींची लिहीन, ती याहून सोपी आहे. आजी-आजोबांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
आई

ता. क. आजोबांना सांग, तुझ्या पिशवीत मोबाइल घालून देऊ नका. डाव चालू असताना तो वाजला तर नियमाप्रमाणे डाव हरल्यात जमा होतो, आणि साडेदहाला मीच फोन करणार हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.